डॅनियल बोव्हे : अ‍ॅलर्जीच्या गोळीमागचा माणूस



पावसाळा सुरू झाला की हे चित्र तुमच्याही वर्गात दिसत असेल. दोन-तीन मुलं सारखी शिंकतायत, एखाद्याचे डोळे लालबुंद, एखादीच्या हातावर गांध्या उठलेल्या. आणि शेवटच्या बाकावर एक जण सकाळी अकरा वाजताच पेंगतोय. आमच्या वर्गातल्या अशाच एका पेंगणाऱ्याला मी उठवलं, तेव्हा कळलं की घरून निघताना त्याला अ‍ॅलर्जीची अर्धी गोळी दिली होती. शिंका थांबल्या, पण मुलगाही झोपला!

ही गोळी आज गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळते आणि बहुतेक घरांच्या औषधाच्या डब्यात असते. पण शंभर वर्षांपूर्वी जगात कुठेच असं औषध नव्हतं. अंगावर पित्त उठलं तर आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावायचं, बाहेरच्या देशांत आणखी काही लावायचे, आणि वाट बघायची. ज्या माणसाने हे चित्र बदलायला सुरुवात केली त्याचं नाव डॅनियल बोव्हे. १९५७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. तरी न्यूटन, एडिसन, फ्लेमिंग यांच्यासारखं त्यांचं नाव आपल्या वर्गात फारसं निघत नाही. म्हणून आजचा लेख त्यांच्यावर. आणि त्यांच्याबरोबर एका मुक्या प्राण्यावरही, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

वडील आपल्याच क्षेत्रातले

बोव्हे यांचा जन्म २३ मार्च १९०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या नोशातेल प्रांतातला. त्यांच्या वडिलांचं नाव ऐकून डी.एड. झालेल्यांनी कान टवकारायला हवेत. वडील म्हणजे शिक्षणतज्ज्ञ पिएर बोव्हे. आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पियाजेच्या अवस्था पाठ केल्या आहेत ना? ज्या जिनिव्हाच्या रूसो संस्थेत पियाजेंनी मुलांवरचं ते काम केलं, तिचे पहिले संचालक हे पिएर बोव्हे. संस्था १९१२ साली क्लापारेद यांनी काढली आणि १९२१ मध्ये तरुण पियाजेंना तिथे बोलावून घेण्यात आलं. तेव्हा डॅनियल चौदा वर्षांचा होता.

घरची आणखी एक गंमत सांगते. पिएर बोव्हे एस्पेरांतोचे मोठे पुरस्कर्ते होते. एस्पेरांतो म्हणजे झामेनहोफ यांनी १८८७ साली जगापुढे मांडलेली, मुद्दाम तयार केलेली भाषा. सगळ्या देशांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं, कोणाचीच भाषा कोणावर लादली जाऊ नये, हा तिचा हेतू. बोव्हे यांच्या घरात मुलं ही भाषा पुस्तकातून नाही, तर लहानपणापासून कानावर पडून शिकली. मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम यावर पालकसभेत तास-तासभर वाद घालणाऱ्या आपल्याला हे जरा गमतीचंच वाटेल. पुढे आयुष्यभर या माणसाला फ्रान्समध्ये फ्रेंच लोकांबरोबर आणि इटलीत इटालियन लोकांबरोबर काम करायचं होतं. घरातल्या त्या भाषेचा त्याला किती उपयोग झाला कोण जाणे, पण परक्या माणसांत बुजून जाण्याची सवय मात्र त्याला लागली नसावी.

शिक्षण जिनिव्हा विद्यापीठात झालं. १९२९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आणि त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. पुढची अठरा वर्षं तिथेच.

लाल रंगाचा अर्धा भाग

पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली ती अर्नेस्ट फूर्नो यांच्या प्रयोगशाळेत. इथली कामाची पद्धत समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. रसायनवाले एकामागून एक नवे पदार्थ बनवायचे. प्रत्येक पदार्थाला आकडा, आणि आकड्यापुढे फूर्नो यांच्या नावातला एफ. मग हे पदार्थ प्राण्यांना देऊन त्यांचं काय होतं ते बघायचं. हे दुसरं काम बोव्हे यांचं.

१९३५ साली जर्मनीतून एक बातमी आली. गेऱ्हार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगद्रव्याने उंदरांना जंतुसंसर्गातून वाचवलं होतं. पण एक कोडं होतं. परीक्षानळीत जंतूंवर हा लाल पदार्थ टाकला तर जंतूंना काही होत नव्हतं. उंदराच्या अंगात गेला की मात्र परिणाम दिसायचा. असं कसं?

फूर्नो यांच्या प्रयोगशाळेतल्या जाक आणि तेरेझ त्रेफुएल हे पती-पत्नी, फेदेरिको नित्ती आणि बोव्हे या चौघांनी प्रॉन्टोसिलची भावंडं बनवून पाहिली. एक अर्धा भाग सगळ्यांत सारखा, दुसरा अर्धा प्रत्येकात वेगळा. आणि परिणाम? जवळजवळ सारखाच! तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बदलणारा भाग, म्हणजे लाल रंग देणारी जोडणी, कामाचीच नाही. शरीर तो रेणू मधोमध तोडतं आणि उरलेला साधा, बिनरंगी अर्धा भाग, सल्फानिलामाइड, खरं काम करतो. हा साधा पदार्थ तर व्हिएन्नात १९०८ सालीच तयार झालेला होता. त्याच्यात औषध दडलंय हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. पेनिसिलिन हाताशी येण्याआधी सल्फा औषधांनी किती बाळंतिणी आणि किती लेकरं वाचवली असतील याचा विचार करा.

बोव्हे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण रेणूचा जरासा आकार बदलला की शरीराचं वागणं बदलतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली, आणि पुढचं सगळं काम तिच्यातूनच निघालं.

शत्रू घरातलाच

आता हिस्टामीनची ओळख करून घेऊ. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम बनवला १९०७ साली, म्हणजे बोव्हे जन्मले त्याच वर्षी. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी तो प्राण्यांना देऊन पाहिला. गिनीपिगच्या शिरेत थोडंसं हिस्टामीन गेलं की त्याच्या श्वासनलिका आवळायच्या, छाती हवेने फुगून राहायची आणि काही मिनिटांत तो गुदमरून मरायचा.

हे दृश्य शास्त्रज्ञांनी आधी पाहिलेलं होतं. फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोर्तिए यांनी १९०२ मध्ये दाखवलं होतं की एखादा परका पदार्थ प्राण्याला एकदा टोचला, काही आठवडे जाऊ दिले आणि पुन्हा अगदी थोडा टोचला, तर प्राणी दुसऱ्या वेळी एकदम कोसळू शकतो. पहिल्या वेळी काही नाही, दुसऱ्या वेळी थेट जिवावर. यालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. गिनीपिगमध्ये हा झटका आणि हिस्टामीनचा परिणाम जुळ्या भावांसारखे दिसायचे. पुढे १९२७ मध्ये डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टामीन वेगळं काढून दाखवलं. म्हणजे तो बाहेरून येणारा शत्रू नव्हताच, आपल्याच पेशींत साठवलेला होता. परागकण, धूळ, माशीचा डंख हे फक्त दार ठोठावतात. आतून धावून येतं ते हिस्टामीन. नाक गळतं, त्वचेवर गांधी उठते, खाज सुटते, कारण ते रक्तवाहिन्या सैल करून त्यांतलं पाणी बाहेर झिरपू देतं आणि नसांना डिवचतं.

बोव्हे यांना यात एक रिकामी जागा दिसली. शरीरात संदेश नेणारे जे पदार्थ तेव्हा माहीत होते, त्यांतल्या अ‍ॅसिटिलकोलीनला अडवायला अ‍ॅट्रोपिन होतं, अ‍ॅड्रेनालिनला अडवायला अरगटमधले पदार्थ होते. हिस्टामीनला अडवणारं मात्र काहीच नव्हतं. ना झाडात सापडलेलं, ना प्रयोगशाळेत बनवलेलं. मग प्रयोगशाळेच्या कपाटात जे पदार्थ आधीच पडून आहेत, त्यांतच शोधून बघायला काय हरकत आहे?

मला या माणसाचं हे फार आवडतं. नवीन साहित्य हवं म्हणून अर्ज करत बसला नाही, कपाट उघडलं. (मुख्याध्यापक वाचत असतील तर त्यांनी यातून भलता अर्थ काढू नये.)

१९३७ चा प्रयोग

पहिला धागा ९३३ एफ या पदार्थाने दिला. तो अ‍ॅड्रेनालिनला अडवणाऱ्यांपैकी होता. गिनीपिगच्या आतड्याचा छोटा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगून ठेवला की तो बराच वेळ जिवंत राहतो. त्याला एक हलकी काडी जोडलेली असते आणि काडीचं टोक काजळी लावलेल्या फिरत्या ढोलावर रेघ ओढत असतं. द्रावणात हिस्टामीनचा थेंब पडला की आतडं आवळतं, रेघ वर उडी मारते. आधी ९३३ एफ टाकलं असेल तर ही उडी बुटकी होते असं दिसलं.

मग कामाला लागली आन-मारी स्टाउब नावाची एक विद्यार्थिनी. जन्म १९१४ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. तिने आणि बोव्हे यांनी मिळून १९३७ मध्ये ९२९ एफ हा पदार्थ निवडला. आता आतड्याचा तुकडा नाही, अख्खा जिवंत गिनीपिग. मरणाला पुरेल एवढं हिस्टामीन द्यायचं, पण त्याआधी ९२९ एफ टोचून ठेवायचं. एरवी काही मिनिटांत गुदमरणारा प्राणी जिवंत राहिला. नंतर त्यांनी खऱ्या अ‍ॅलर्जीच्या झटक्यावर, म्हणजे आधी संवेदनशील करून ठेवलेल्या गिनीपिगवरही ते वापरून पाहिलं, आणि तिथेही संरक्षण मिळतं असं दाखवलं. हिस्टामीनचा रस्ता अडवता येतो याचा जगातला हा पहिला पुरावा.

यात आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेली एक बारीकशी गोष्ट आहे. ९२९ एफच्या रेणूचा एक भाग थायमॉलचा होता. थायमॉल म्हणजे ज्याच्यामुळे ओव्याला तो झणका येतो तेच द्रव्य. पण कृपा करून यावरून ओवा खाल्ल्याने अ‍ॅलर्जी जाते असा निरोप ग्रुपवर फिरवू नका! रेणूला पुढे जोडलेल्या शेपटीमुळे त्याचं काम पूर्ण बदललं होतं. प्रॉन्टोसिलचा धडा इथे उलट बाजूने पुन्हा आला म्हणा.

गिनीपिगच का, उंदीर का नाही? कारण गिनीपिगच्या श्वासनलिका हिस्टामीनला फार हळव्या असतात. उंदीर-घुशींना तेवढ्या हिस्टामीनने फारसं काही होत नाही. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तोच प्राणी प्रयोगासाठी सोयीचा ठरला. हे वाक्य लिहिताना मलाही बरं वाटत नाहीये, पण खरं ते असंच आहे.

वर्गात सांगायचं असेल तर

अडवतो म्हणजे नेमकं काय करतो? मुलांना हे समजावताना मी संगीत खुर्ची खेळायला घेते. खुर्च्या म्हणजे पेशीवरच्या जागा. यांना रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत ग्राही असा शब्द येतो. लाल टोपीवाली मुलं म्हणजे हिस्टामीन. लाल टोपी खुर्चीवर बसली की खुर्चीमागे उभ्या मुलाने टाळी वाजवायची, म्हणजे शिंक आली. आता निळ्या टोपीवाली मुलं आधी जाऊन बसतात. तीही खुर्चीवर बरोबर मावतात, पण त्यांच्या बसण्याने टाळी वाजवायची नाही. लाल टोप्या मैदानात फिरतायत, त्या नाहीशा झालेल्या नाहीत, त्यांना फक्त बसायला जागा नाही.

दुसऱ्या फेरीत लाल टोप्या दुप्पट-तिप्पट सोडा. निळा जरा उठला की लाल पटकन बसतो, टाळ्या पुन्हा सुरू. शरीरातही असंच होतं. हिस्टामीन फार झालं की ते अडवणाऱ्याला मागे सारतं. म्हणून अशी औषधं त्रास वाढण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी पडतात. आणि म्हणूनच एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी. मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर मुलाचे ओठ-घसा सुजायला लागले, श्वास लागला, चक्कर आली, तर ही गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. त्या झटक्यात हिस्टामीनबरोबर दुसरेही पदार्थ सुटलेले असतात, त्यांच्या खुर्च्या वेगळ्या. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

हा खेळ घेतला त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, की मग ते गिनीपिग शेवटी घरी गेले का? सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी क्षणभर गप्प झाले. खोटं सांगणं सोपं होतं. मी सांगितलं की नाही, बरेचसे मेले. ज्यांना औषध न देता फक्त हिस्टामीन दिलं ते तर मरणारच होते, कारण तुलना करायला ते लागतातच. एकाला वाचवलं हे सिद्ध करायला दुसऱ्याला मरू द्यावं लागलं. वर्गात कोणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं की आता तरी असं करतात का. त्याला मी सांगितलं की करतात, पण आधीसारखं मोकळेपणाने नाही. बोव्हे यांना नोबेल मिळाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोघांनी एक पुस्तक लिहिलं. शक्य तिथे प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना कमीत कमी त्रास द्या, असे तीन नियम त्यात मांडले. आज जगभर हे नियम मानले जातात. मुलीचं समाधान झालं का? मला वाटत नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. पण ही गोष्ट गिनीपिग वगळून सांगायची नाही एवढं मी ठरवून टाकलंय.

जे औषध कधी औषध झालंच नाही

तुम्हाला वाटेल, १९३७ मध्ये शोध लागला म्हणजे १९३८ मध्ये गोळी बाजारात आली असेल. नाही आली. ९२९ एफ माणसाला देण्याजोगं नव्हतंच. त्याचा गुण कमी पडत होता आणि विषारीपणा फार होता. गिनीपिगला झटक्यातून वाचवणारा पदार्थ माणसाच्या कामाचा नव्हता.

इथे एखादा निराश झाला असता. पण ९२९ एफने एक गोष्ट सिद्ध केली होती, की अशी निळी टोपी बनवता येते. म्हणजे आता तिचा आकार सुधारायचा. मग पुन्हा तेच. रेणूची एक कड बदला, आतड्याच्या तुकड्यावर बघा, गिनीपिगवर बघा, आणि फेका. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम अधूनमधून का होईना चालू राहिलं. १९४२ मध्ये बर्नार्ड हाल्पर्न यांनी अँटरगान पुढे आणलं. रुग्णांना देता येईल असं हे पहिलं अँटिहिस्टामीन. हाल्पर्न बोव्हे यांच्या प्रयोगशाळेतले नव्हते, पण वाट त्यांचीच होती. १९४४ मध्ये बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेपिरामीन दिलं. ते इतकं नेमकं निघालं की हिस्टामीनचे ते ग्राही अडवायचे असले तर संशोधक आजही ते वापरतात. त्याच सुमारास अमेरिकेतही डायफेनहायड्रामीन तयार झालं, आणि मग रांगच लागली.

आता आपल्या पेंगणाऱ्या मुलाकडे येऊ. ही जुनी अँटिहिस्टामीन औषधं मेंदूतही शिरायची. मेंदूत हिस्टामीनचं काम वेगळंच आहे, ते आपल्याला जागं ठेवतं. तिथल्या खुर्च्याही निळ्या टोप्यांनी अडवल्या की झोप येणारच! हा दोष लोकांच्या लगेच लक्षात आला आणि काहींनी त्याचाच उपयोग करून घेतला. फ्रान्समध्ये प्रोमेथाझिन आलं, आणि त्याच्याच कुळातून १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन, मनोविकारावरचं पहिलं मोठं औषध. शिंकेवरच्या गोळीची नात वेड्यांच्या इस्पितळांचे साखळदंड सोडवायला गेली, असं म्हटलं तरी चालेल. सेटिरिझिनसारखी नंतरची औषधं मेंदूत कमी शिरतात, तरी काही मुलांना त्यांनीही झोप येते.

फिलोमेना

१९३८ साली बोव्हे यांचं लग्न झालं फिलोमेना नित्ती हिच्याशी. ती सल्फाच्या कामातल्या फेदेरिको नित्तीची बहीण. दोघांचे वडील फ्रांचेस्को नित्ती १९१९-२० मध्ये इटलीचे पंतप्रधान होते. मुसोलिनीच्या राजवटीत घरदार सोडून त्यांना परदेशी राहावं लागलं, म्हणून हे कुटुंब पॅरिसमध्ये. फिलोमेना स्वतः संशोधक होती. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर त्याच टेबलावर काम करू लागली आणि अनेक शोधनिबंधांवर, एका जाडजूड ग्रंथावरही, दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.

नोबेल मात्र एकट्या बोव्हे यांना. आन-मारी स्टाउबलाही नाही. नोबेलचे नियम असतील, समितीची कारणं असतील, पण मला हे खटकतं. मुलांना सांगताना मी तिन्ही नावं सांगते आणि फळ्यावर तिन्ही लिहिते.

१९४७ मध्ये हे जोडपं रोमला गेलं. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक मारोत्ता यांनी बोव्हे यांना नवी प्रयोगशाळा उभारायला बोलावलं होतं. पुढे बोव्हे यांनी इटलीचं नागरिकत्व घेतलं. या काळात त्यांनी क्युरारीवर काम केलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावायचे ते हे विष. शिकारीचे स्नायू ते ढिले पाडतं. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे स्नायू सैल करायला डॉक्टरांना असंच काही हवं होतं, पण झाडातून काढलेल्या विषाची ताकद कधी कमी, कधी जास्त. बोव्हे यांनी त्याची प्रयोगशाळेत बनवता येणारी भावंडं शोधली आणि सक्सिनिलकोलीनचा हा गुण दाखवून दिला. भूल देणारे डॉक्टर आजही ते वापरतात. इथेही तत्त्व तेच, खुर्चीवर दुसऱ्यालाच बसवायचं. हिस्टामीन आणि क्युरारी या दोन्ही कामांसाठी मिळून नोबेल मिळालं.

शेवटी उंदरांची शाळा

नोबेलनंतर माणसं भाषणं करत फिरतात. बोव्हे यांनी पन्नाशी ओलांडल्यावर विषयच बदलला. १९६४ मध्ये ते सार्डिनिया बेटावरच्या सासारी विद्यापीठात प्राध्यापक झाले, पुढे पुन्हा रोमला आले. आणि त्यांचा नवा विषय होता शिकणं आणि लक्षात ठेवणं. वडील मुलांचं शिकणं अभ्यासत होते, मुलगा पन्नाशीनंतर उंदरांचं शिकणं अभ्यासायला लागला!

फिलोमेना आणि ओलिव्हेरियो यांच्याबरोबर त्यांनी उंदरांचे वेगवेगळे वाण घेतले. एका वाणातले सगळे उंदीर आनुवंशिकतेने जुळ्यांसारखे. सगळ्यांना तोच धडा, तीच पेटी, तोच इशारा. एका वाणाचे उंदीर एका बैठकीत भराभर शिकायचे, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं बरंचसं विसरून यायचे. दुसऱ्या वाणाचे उंदीर सलग सरावात मागे पडायचे, पण मध्ये विश्रांती दिली की शिकलेलं त्यांच्यात मुरायचं आणि ते पुढे जायचे. १९६९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या वर्गातली किमान चार मुलं डोळ्यांसमोर आली. मुलं म्हणजे उंदीर नव्हेत, आणि उंदरांवरून मुलांचे निष्कर्ष काढणं मला मान्य नाही. पण सहामाहीच्या आदल्या रात्री सगळं एकदम घोकून घेणाऱ्या पालकांना ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

याच काळात त्यांनी उंदीर-घुशींना निकोटिन देऊन त्यांचं शिकणं वाढतं का तेही पाहिलं होतं. काहींचं वाढलं, काहींचं उलट बिघडलं. यावरून तंबाखूने बुद्धी वाढते अशी चर्चा त्या वेळी रंगली. ९२९ एफचा इतका स्वच्छ प्रयोग केलेल्या माणसाचं नाव अशा चर्चेत यावं याचं मला वाईट वाटतं. प्राण्यात दिसलेली गोष्ट माणसावर थेट लावता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

१९८२ मध्ये ते रोम विद्यापीठातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९९२ रोजी रोममध्येच, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आमच्या त्या पेंगणाऱ्या मुलाच्या आईशी मी बोलले. औषध बंद करा किंवा बदला असं सांगणारी मी कोण? मी फक्त वर्गात काय दिसतं ते सांगितलं आणि डॉक्टरांना विचारायला सुचवलं. डॉक्टरांनी गोळी रात्री झोपताना द्यायला सांगितली. आता तो गणिताच्या तासाला जागा असतो. परवा संगीत खुर्चीत निळी टोपी त्यानेच मागून घेतली.